खिडकी मिटत नाही

गावात कूलर नवे होते, तेव्हाची गोष्ट. यमुनाबाईंच्या निजायच्या खोलीत कूलर बसला आणि पहिल्याच दिवशी समोरच्या भिंतीतल्या जुन्या खिडकीवर डाफरू लागला.

“मी बादल्या बादल्या पाणी पिऊन, घसा फोडून गारवा करतो आणि तू दारं सताड उघडी टाकून तो गावाला वाटतेस! मिटून घे आधी!”

“नाही मिटणार,” खिडकी म्हणाली. “आत आलेला वारा कुठून तरी बाहेर जायला हवा, एवढं मला कळतं.”

यमुनाबाईंना कूलरचंच पटलं. त्यांनी खिडकी ओढून घेतली.

“लावा, कडीही लावा!” खिडकी करकरली. “पण मी चुकले असं काही म्हणायची नाही.”

थोडा वेळ खोली गार वाटली. मग हवा कोंडली. चादर ओलसर झाली, उशी चिकचिकू लागली. कूलरचा वारा भिंतीवर आपटून त्याच्याच तोंडावर परत येऊ लागला. यमुनाबाई पदराने वारा घेत उठून बसल्या.

“अगं, जरा किलकिली हो ना,” कूलर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“किलकिली? उघडेन तर सताड उघडेन!”

यमुनाबाईंनी कडी काढली मात्र, दोन्ही दारं धाडकन भिंतीवर आदळली. कोंडलेली वाफ बाहेर पडली आणि गार वारा सरळ खाटेवरून वाहू लागला. यमुनाबाई घोरायला लागल्या.

तेव्हापासून कूलर रात्रभर गुरगुरतो खरा, पण खिडकीला ‘मिट’ म्हणायची त्याची छाती होत नाही.