ओल्या बेंबीची कालवड

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरातल्या गावांना नावं नव्हती. ज्या झऱ्याचं पाणी प्यायचं, तेच आपलं गाव, एवढंच लोक जाणत.

अशाच एका गावात, ओढ्याच्या पलीकडे, एक माणूस एकटाच राहत होता. लोक त्याला 'पल्याडचा' म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त चारचौघांत गेला की त्याची जीभ जड व्हायची. म्हणून तो गावात कमी जाई, आणि तो कमी येतो म्हणून लोकही त्याला कमी बोलावत. त्याच्या छपरातून धूर निघताना दिसला की गाव समजे, पल्याडचा बरा आहे. याहून जास्त कुणी विचारत नसे.

त्याच्याजवळ पवळी नावाची गाय होती. तिच्याशी मात्र तो दिवसभर बोले. आज गवत ओलं आहे, आज भाकरी करपली, असं काहीबाही. पवळी कान हलवी. त्याला तेवढं पुरे.

एके दिवशी पवळी व्याली. तांबूस रंगाची कालवड झाली. पल्याडच्याला इतका आनंद झाला की तो सांगायला दारापर्यंत धावला, आणि सांगायचं कुणाला हे न सुचून परत फिरला.

त्या गावात एक रीत होती. गाय व्याली की गोठ्याच्या दाराला निरगुडीची डहाळी बांधायची. ती वाळेपर्यंत बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही. नव्या जिवाला गर्दी नको, बाहेरच्या पायांची घाण नको, म्हणून जुन्या माणसांनी हे ठरवलं होतं. डहाळी वाळली की सारा गाव वासरू बघायला येई आणि त्याला आपल्या कळपात घेई.

पल्याडच्यानंही डहाळी बांधली. पण कालवडीची नाळ गळून पडली तरी बेंबी सुकेना. ती लघवीला उभी राहिली की मागून थोडी धार येई आणि बेंबीतूनही थेंब टपकत. त्यानं बोट लावून वास घेतला. ते मूतच होतं.

ओल्या बेंबीचं वासरू झऱ्याला आटवतं, ते आईसकट खिंडीपलीकडे सोडून यावं लागतं, असं गावात म्हणत. सोडून आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

"तुम्हाला नेलं तर मी बोलू कुणाशी?" तो पवळीला म्हणाला.

मग त्यानं जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि कालवडीच्या पोटाला घट्ट आवळून बांधली. दारावरची डहाळी कोमेजू लागली, तशी ती काढून ताजी लावली. ती कोमेजली, तेव्हा आणखी एक लावली.

ओढ्यावर धुणं धुणाऱ्या येसाईच्या हे ध्यानात आलं. येसाई गावातली सगळ्यात म्हातारी बाई. ती अलीकडूनच ओरडली, "काय रे पल्याडच्या, तुझ्या दाराला डहाळी लावलीस की झाड? वाळायचं नावच घेईना!"

"कालवड जरा अशक्त आहे, येसाई."

"मग येऊ का बघायला?"

"नको, नको! डहाळी हिरवी आहे अजून."

"ते दिसतंय मला, डोळे अजून शाबूत आहेत," असं म्हणून येसाईनं धुणं उचललं आणि ती गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. तिनं अजून थोडं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं.

पट्टीखाली ओल मुरत राहिली. बेंबी सुजली, मग पिकली. माश्या घोंगावू लागल्या. पवळी जिभेनं पट्टी ओढू लागली, म्हणून त्यानं तिला दूरच्या खुंट्याला बांधलं. कालवड पिणं सोडून पडून राहू लागली. तिचं अंग तापलं, आणि पुढच्या एका पायाचा गुडघा फुगला.

तेव्हा पवळी पहिल्यांदा बोलली. इतके दिवस तोच बोलत होता, म्हणून तिला गरज पडली नव्हती.

"मला तिच्यापासून का बांधलंस?"

"गाव तुम्हाला घेऊन जाईल गं."

"गाव नेईल तेव्हा नेईल. ती तर आत्ताच चालली आहे. तुझ्या दारात, तुझ्या पट्टीत."

पल्याडचा खाली बसला. मग उठला आणि ओढा ओलांडून झऱ्यावर गेला. तिथे पाण्याला आलेली माणसं, त्यांत येसाईही, गप्पा मारत होती. त्याला पाहून सगळे थांबले.

"बघा, आज सूर्य पल्याडहून उगवला!" खंडू नावाचा एक थट्टेखोर माणूस म्हणाला. लोक हसले.

पल्याडचा झऱ्यातलं ओंजळभर पाणी प्याला. मग मान खाली घालूनच तो म्हणाला, "माझ्या कालवडीच्या बेंबीतून मूत गळतं. मी लपवलं. आता ती मरायला टेकली आहे. आम्हाला खिंडीपलीकडे सोडायचं तर सोडा, पण आधी तिला वाचवा."



मग येसाईनं घागर खाली ठेवली. "माझीही एक होती तशी," ती म्हणाली. "मेली तेव्हा मी परसात पुरली आणि सांगितलं, साप चावला."

खंडूचं हसू केव्हाच मावळलं होतं. "माझा गोऱ्हा," तो हळूच म्हणाला. "मी म्हटलं, वाघानं नेला."

"आमचीही," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे झऱ्याकडे पाहू लागले. इतकी ओल्या बेंबीची वासरं होऊन गेली होती, आणि झरा तसाच वाहत होता.

"चला, बघत काय राहिलात?" येसाई म्हणाली. चालता चालताच ती पल्याडच्याला सांगू लागली, "आईच्या पोटात असताना वासराचं मूत नाळेच्याच वाटेनं जातं. जन्मल्यावर ती वाट मिटते. एखाद्याची उशिरा मिटते. कोरडं, स्वच्छ ठेवायचं आणि जाणत्याला दाखवायचं. पट्टी कशाला आवळलीस, वेड्या?"

"लपवायला," तो म्हणाला.

"हं. मीही तेच केलं होतं. हे सारं मला फार उशिरा कळलं."

त्या दिवशी डहाळी हिरवी असतानाच लोक त्याच्या गोठ्याशी आले. ओढ्यावर पाय धुऊन दोघं-तिघंच आत गेले, बाकीचे बाहेर थांबले. पट्टी कापली. निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्यानं बेंबी धुतली, पू काढला, हळद लावली. ओलं गवत काढून कोरडं अंथरलं. गुडघ्याला शेक दिला. पवळीला सोडताच ती येऊन कालवडीचं तोंड चाटू लागली.

कितीतरी दिवस येसाई रोज येत राहिली. हळूहळू ताप उतरला. बेंबी सुकली, थेंब थांबले. कालवड वाचली. पण गुडघा काही सरळ झाला नाही.

"आधी सांगितलं असतंस तर पाय राहिला असता," येसाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

पुढे ती कालवड गावच्या कळपात चरायला जाऊ लागली. कळप पुढे जाई, आणि ती लंगडत सगळ्यांच्या मागून येई. तिच्या पावलाशी पाऊल जुळवत पल्याडचा चाले. त्याला आता हाका मारणारी माणसं होती. पण चढावर तिला थांबताना पाहिलं की तो कुणाशीच बोलत नसे.

बाळांनो, आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: एकटं पडायच्या भीतीनं जो दुखणं लपवतो, तो स्वतः तर एकटा पडतोच, पण त्याच्या उशिराची शिक्षा एखाद्या मुक्या जिवाला जन्मभर भोगावी लागते.