एक ‘नाही’ आण

“साठच्या साठ जणींच्या घरी?” उजागरे सिस्टरांनी विचारलं.

“हो.”

“वजनकाटा? माणूस उभा राहील असा?”

“फॉर्मवर तसंच आहे, सिस्टर. प्रश्न सातवा. साठही जणी हो म्हणाल्यात.”

उजागरे सिस्टरांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. फॉर्मांच्या गठ्ठ्याला हात लावला नाही.

“माझ्या घरी नाही गं,” त्या म्हणाल्या.

मी शेजारीच औषधांची ट्रॉली लावत होते. हसू आलं ते गिळलं.

ही प्रणिता वाकचौरे. आता नर्सिंग कॉलेजात शिकवते. दहा वर्षांपूर्वी आमच्या याच बायकांच्या वॉर्डात विद्यार्थिनी म्हणून आली, तेव्हा बेडवरची चादर कशी ताणायची हेही उजागरे सिस्टरांनीच तिला शिकवलं होतं. आता संशोधन करत होती. हृदय कमकुवत झालं की अंगात पाणी भरतं, पाय सुजतात, दम लागतो. अशा बायकांना घरी जाताना नीट समजावलं, तर त्या पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हायच्या थांबतील का, हा तिचा विषय. त्यासाठी चित्रांचं एक कार्ड केलं होतं तिनं. रोज वजन करा, वाढलं तर लगेच या, अंगातलं पाणी उतरवायची गोळी चुकवू नका, असलं सगळं त्यात होतं. कार्ड समजावायचं, मग वीस प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा. सोमवारपासून ते कार्ड जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांत जाणार होतं. वॉर्डच्या इनचार्जची, म्हणजे उजागरे सिस्टरांची, सही तेवढी बाकी होती.

खरं सांगते, मला ती पोरगी डोळ्यांसमोर नको वाटायची. नवा कागद घेऊन कोणी वॉर्डात शिरलं की माझं डोकंच फिरतं. नाव त्यांचं होतं, आणि बेडपॅन आमच्या हातात राहतो.

“तुम्हाला माझा संशय येतोय का?” प्रणितानं विचारलं.

“तुझा नाही. साठ जणींचा येतोय.”

“त्या खोटं कशाला बोलतील?”

“तेच मला कळत नाहीये…”

उजागरे सिस्टरांनी सुट्टीच्या यादीवर नजर टाकली.

“चौदा नंबरची हौसाबाई तुझ्या साठातली ना?”

“हो.”

“किती मार्क पडले तिला?”

“मार्क नाहीत ते, सिस्टर. पण वीसही उत्तरं बरोबर आहेत.”

“आणि पाच महिन्यांत किती वेळा आली ती?”

“तीन. पण घरी गेल्यावर बायका निष्काळजीपणा करतात, त्याला माझं कार्ड काय करणार?”

“मागच्या खेपेला आली तेव्हा ओठ निळे पडले होते तिचे. आज चारला तिला सुट्टी आहे.” उजागरे सिस्टर खिडकीकडे बघत म्हणाल्या, “चौथ्यांदा वेळेवर पोचेल असं नाही वाटत मला.”

प्रणिताचा चेहरा लाल झाला.

“स्पष्टच विचारते, सिस्टर. यात तुमचंही नाव हवंय का तुम्हाला?”

अगं बाई! माझ्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली. तेहतीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला असं विचारायचं?

उजागरे सिस्टर चिडल्या नाहीत. “हवं होतं आधी,” त्या म्हणाल्या. “एवढे हो बघितल्यावर भीती वाटायला लागली.”

“मग सही…?”

“करते की. आजच करते. पण मला एक ‘नाही’ आणून दे.”

“म्हणजे?”

“साठ जणी, वीस वीस प्रश्न, आणि नुसते हो. वॉर्डात जा. एका बाईच्या तोंडून एक ‘नाही’ घेऊन ये. ओढूनताणून नको, तिच्या मनातलं आण.”

“एवढंच?”

“एवढंच.”

प्रणिता हसत उठली. मलाही वाटलं, म्हातारीनं पोरीला फारच स्वस्तात सोडलं.

दोनच्या गोळ्यांची वेळ झाली होती. मी ट्रॉली ढकलत तिच्या मागोमाग निघाले. गोळ्या द्यायच्या होत्या हे खरं, पण तिची फजिती बघायची होती हेही तितकंच खरं.

पहिल्या बेडवर अनुसयाआजी. महिन्यातले पंधरा दिवस आमच्याकडेच असतात. वॉर्डच्या सासूबाईच म्हणा ना.

“आजी, कार्ड समजलं का?”

“समजलं की.”

“सगळं?”

“समदं.”

तिसऱ्या बेडवर प्रणितानं दुसरी वाट धरली. “मावशी, मला वाटतं तुम्हाला कार्ड समजलेलं नाही.”

“हो.”

“म्हणजे समजलं नाही?”

“हो, तुमी म्हणाल तसं.”

सहाव्या बेडवर तिनं जरा चढ्या आवाजातच विचारलं, “घरी काटा कुठे ठेवलाय तुम्ही?”

त्या बाईनं सुनेकडे बघितलं. सुनेनं सासूकडे बघितलं.

“हाय, हाय,” सून म्हणाली.

असं बाराव्या बेडपर्यंत चाललं. प्रणिताच्या कपाळावर घाम आला होता. माझं हसू मात्र कधीच उडालं होतं, कारण मला एक भलतंच दिसायला लागलं होतं. प्रणितानं काही विचारलं की बाई आधी एक नंबरच्या बेडकडे बघायची. तिथून अनुसयाआजी हळूच मान हलवायच्या. मग इकडे हो यायचं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या बायका आपसात काहीतरी ठरवून बसल्या होत्या, आणि आम्हा शहाण्यांना पत्ताच नव्हता.

चौदा नंबरवर हौसाबाई तयार होऊन बसली होती. बोचकं बांधलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा बाहेर रिक्षा बघायला गेलेला.

प्रणिता समोर उभी राहिली. हौसाबाईनं हात जोडले.

“समद्याला हो, बाई.”

“अजून मी काही विचारलंच नाही.”

“इचारा की. हो.”

प्रणितानं फॉर्मकडे बघितलं. मग खाली बघितलं. आणि बेडच्या कडेवर बसली.

पेशंटच्या बेडवर बसायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. बसलं तर बोलणी खावी लागतात. आता ही पोरगी तेच इतरांना शिकवते. तरी बसली.

“मावशी,” ती म्हणाली, “माझं काय चुकतंय तेच मला कळत नाही. तुम्ही सगळ्या हो म्हणता. मी लिहून घेते. आणि तुम्ही परत येता, ओठ निळे करून… खरंच कळत नाही मला.”

मी ट्रॉली थांबवली.

हौसाबाईनं तिच्याकडे बघितलं. मग एक नंबरकडे बघितलं. मग फॉर्मकडे.

“ह्यो कागद सुट्टीचा न्हाई व्हय?”

“सुट्टीचा? नाही हो. माझ्या अभ्यासाचा आहे.”

“मंग ह्यात न्हाई म्हणलं तर सुट्टी थांबत न्हाई?”

“नाही. कोण म्हणालं तुम्हाला असं?”

हौसाबाईनं आवाज खाली आणला. “एक नंबरची म्हातारी सांगती समद्यांना. पांढऱ्या कोटातली पोरगी कागद घिऊन आली की हो म्हणायचं. त्या पाच नंबरच्या बाईनं न्हाई म्हणलं, तर तिला आठ दिस डांबून ठिवलं.”

पाच नंबरची बाई मला चांगली आठवते. सुट्टीच्या दिवशीच तिला ताप भरला, म्हणून ठेवलं होतं. पण हे आम्ही वॉर्डात कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. आणि त्या बायकांनी आपल्या परीनं अर्थ लावला. त्यांचं तरी काय चुकलं?

प्रणितानं फॉर्म उलटा करून लॉकरवर ठेवला. पेन खिशात घातलं.

“आता सांगा. लघवी होऊन अंगातलं पाणी उतरतं ती गोळी… ती रोज घेता?”

हौसाबाईनं बोचक्याची गाठ सोडली, परत बांधली.

प्रणितानं प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

“न्हाई,” हौसाबाई म्हणाली.

मी ट्रॉली सोडून जवळ सरकले.

“बाजाराच्या दिवशी न्हाई घेत. मंगळवार, शुक्रवार आन् रविवार. मी भाजी घिऊन बसते. गोळी घेतली की घडीघडीला जावं लागतं. बाजारात बाईमाणसानं जायचं कुठं, सांगा बरं? गड्यांचं काय, भिंत दिसली की झालं.”

“तीन दिवस… दर आठवड्याला?”

“मंग? भाजी न इकता खायाचं काय?”

प्रणितानं कपाळाला हात लावला. “आणि काटा? रोज वजन करायचं असं कार्डावर…”

“काटा कुठला वो आमच्यात! भाजी तोलायचा तेवढा हाय, त्यात मी मावते व्हय?” हौसाबाई तोंडाला पदर लावून हसली. मग पाय पुढे करून बोट दाखवलं. “ही जोडवी रुतायला लागली की मी समजते. तिसऱ्या दिशी दम लागतो. तिन्ही बारीला असंच झालं.”

“मग जोडवी रुतली तेव्हाच का नाही आलात?”

“तुमच्या कार्डावर जोडवी कुठं हायती? काटा हाय.”

मला भडभडून आलं. या बाईच्या सुट्टीच्या कागदावर ‘माहिती दिली’ या ओळीपुढे मागच्या दोन्ही वेळा माझीच खूण होती. मी काय माहिती दिली होती? उभ्या उभ्या चार वाक्यं बोलले होते, समजलं का म्हणून विचारलं होतं, आणि तिचं हो ऐकायच्या आधीच पुढच्या बेडकडे वळले होते. प्रणिताला नावं ठेवायला मी कोण?

पुढचं सगळं पटापट झालं. प्रणिता धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, बाजारातून चारला घरी आली की तेव्हा घेऊ दे गोळी, पण एकही दिवस चुकवायची नाही. आणि जोडवी रुतली की त्याच दिवशी इथं यायचं, तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

प्रणितानं हे हौसाबाईला सांगितलं. समजलं का, असं विचारलं नाही. नवरा आत आला तेव्हा म्हणाली, “मावशी, यांना तुम्हीच सांगा काय ठरलं ते.”

हौसाबाईनं नवऱ्याला असं बजावलं की बिचारा दोनदा मान हलवून मोकळा झाला. तरी तिनं सोडलं नाही. “नुस्तं हो म्हणू नगंस. माझी जोडवी रुतली की काय करायचं, सांग?”

त्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं.

चारला रिक्षा गेली.

प्रणिता टेबलाशी परत आली तेव्हा उजागरे सिस्टर रात्रीच्या ड्यूटीची यादी लिहीत होत्या. फॉर्मांचा गठ्ठा होता तिथंच होता.

“आणलं, सिस्टर.”

“कितव्या बेडवरून?”

“चौदा.”

“हं.” उजागरे सिस्टरांनी यादी बाजूला सारली, गठ्ठा पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं.

प्रणितानं कागदावर तळहात ठेवला. “नको. सही नको करू.” घाईत तिच्या तोंडून एकेरी आलं, तिलाही कळलं नाही. उजागरे सिस्टरांनीही मनावर घेतलं नाही.

“का गं?”

“सोमवारी कार्ड जाणार नाही. मी कळवते तसं. माझी नाचक्की होईल, होऊ दे. पण चित्रातला काटा बघून आणखी कुणी घरी बसून राहिलं, तर…”

तिनं गठ्ठ्यावरचा तळहात आणखी दाबला.

“सगळं खोटं आहे हे,” प्रणिता म्हणाली. “दीड वर्ष घातलं मी यात. फाडून टाकते.”

“खोटं? कोण म्हणतं?”

“तुम्हीच म्हणालात ना, साठ जणींचा संशय येतो म्हणून!”

“येत होता. आता फिटला.”

“मग हे काय आहे, सिस्टर? यातून काय सिद्ध होतं?”

उजागरे सिस्टरांनी तिचा हात अलगद बाजूला केला. हौसाबाईचा फॉर्म शोधून वर घेतला. पहिल्या प्रश्नापासून विसाव्यापर्यंत वाचला, सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मी ट्रॉली पुसायचं सोडून बघत होते.

मग त्यांनी पेन प्रणितापुढे धरलं.

“कागद अगदी खरा आहे, पोरी. काटा तुझ्या घरचा, वीसही ‘हो’ तुझ्या मनातले. फक्त वर ‘रुग्णाचं नाव’ म्हणून लिहिलंय ना, तिथली हौसाबाई खोड, आणि तुझं नाव घाल.”