सही घेऊन दिलेलं उत्तर

इटलीतल्या एका डोंगरी शहरावर ड्यूक एर्कोलानोची सत्ता होती. तिथल्या तादेओ नावाच्या वृद्ध शिक्षकांनी एका पुस्तकात लिहिलं, की राजाच्या मर्जीवर जगणारी माणसं स्वतंत्र नसतात. ड्यूकने त्यांना हद्दपार करायचं ठरवलं. त्यांच्या पुस्तकांची बांधणी करणारी ओर्सोला रदबदली करायला दरबारात गेली.

ड्यूक शांतपणे म्हणाला, "मी कुणावर जुलूम करत नाही. माझी प्रजा स्वतंत्र आहे, म्हणजे तादेओ खोटं लिहितो. तुला वेगळं वाटत असेल तर सांग."

"सांगते, महाराज. पण उत्तर काहीही असलं तरी मला शिक्षा होणार नाही, एवढं आधी लिहून द्या."

ड्यूक हसला. त्याने कागद मागवून तसं लिहिलं आणि खाली सही केली.

ओर्सोलाने तो कागद वाचला आणि अदबीने ड्यूकपुढे ठेवला. "हेच माझं उत्तर, महाराज. मी स्वतंत्र असते, तर खरं बोलण्यासाठी तुमची सही मागावी लागली नसती. आणि मी ती मागितली, त्यात तुम्हालाही काही वावगं वाटलं नाही."

ड्यूकने स्वतःची सही पुन्हा एकदा पाहिली. मग त्याने हद्दपारीचा हुकूम मागवला आणि सगळ्यांसमोर फाडून टाकला.