दहा लाख एक मोती

एका राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला आणि त्याने भरदुपारी नदीचे मोती करून टाकले. मोजून दहा लाख एक. राजाने हात जोडले तेव्हा तो म्हणाला, "संख्या बोला. मोती आपणहून तेवढ्यांच्या रांगा धरतील. एकही शिल्लक उरला नाही, तर नदी तुमची. एकेकट्याची रांग चालणार नाही, सगळ्यांची मिळून एक रांगही नाही. तीनदा चुकेल तो दगड होईल."

पहिला गेला माणिक, मणी ओवणाऱ्यांतला. दरबारच्या पंडितांना विचारून त्याने दहा म्हटले, शंभर म्हटले, हजार म्हटले. तिन्ही वेळा एक मोती उरला आणि माणिक काठावर दगड होऊन उभा राहिला.

मग पंडितांनी दोनपासून शंभरापर्यंत साऱ्या संख्यांनी भागून पाहिले. काही ना काही उरलेच. त्यांचे पाढे शंभरावर संपत, म्हणून त्यांनी निकाल दिला, की ही संख्या अभंग आहे. एवढ्या पागोट्यांत पुढे बघावे असे एकाच्याही डोक्यात आले नाही. राजाने दवंडी पिटवली, "नदी गेली. कोणी हट्ट करू नये."

माणिकची बहीण पोवळी दवंडी ऐकून तडक नदीवर गेली. तिला भयंकर राग आला होता.

"राजाज्ञा ऐकली नाहीस?" मांत्रिकाने विचारले.

"ऐकली. माझा भाऊ घेतल्याशिवाय मी हलणार नाही. पंडितांच्या पाढ्यांचा शेवट आधी मी स्वतः पाहणार. नव्व्याण्णव."

मोती सळसळले. मांत्रिकाच्या खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "दोन उरले."

"शंभर."

"एक उरला."

पोवळीचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले. काठावरून राजा कळवळून म्हणाला, "मुली, क्षमा माग. पंडितांनी पाहिले आहे."

"शंभरापर्यंत पाहिले आहे, महाराज. शंभरावर जग संपते, हे त्यांना कोणी सांगितले? आमच्या घरी माळ शंभराची होत नाही. शंभर मणी गळ्याचे, वर एक दोऱ्याच्या गाठीचा. तो नसला तर आई माळ उसवायला लावायची." तिने मांत्रिकाकडे पाहिले. "एकशे एक."

मोत्यांनी रांगा धरल्या. नऊ हजार नऊशे एक रांगा, प्रत्येकीत एकशे एक. साळुंकीने पात्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडून पाहिले.

"काही उरले नाही," ती म्हणाली आणि पुन्हा मांत्रिकाच्या खांद्यावर बसली नाही.

मोत्यांचे पाणी झाले. धूम्रकेश त्यात विरघळला. पोवळीचे पाय मोकळे झाले, माणिकने डोळे उघडले. बहिणीला पाहून त्याची मान खाली गेली.

"माळ आपल्याच घरची होती," तो म्हणाला, "आणि मी पंडितांना विचारत बसलो."

"आता घरी चल," पोवळी म्हणाली.

त्या राज्यात ती नदी अजून वाहते, आणि तिथली पोरे शंभर म्हणून झाल्यावर थांबत नाहीत.