डाळ वाढली

फार फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे धान्य, मीठ, तेल संपलं तरी 'संपलं' म्हणायची चोरी होती. ते अशुभ. म्हणून सगळे 'वाढलं' म्हणायचे. डबा रिकामा आणि तोंडी मात्र वाढ. माणसं गोड होती, एवढं खरं.

एका सकाळी कुंभारणीने डब्यात हात घातला. तिच्या गरोदर सुनेला पुरणपोळीचे डोहाळे लागले होते. पण डबा रिकामा. कुंभारीण स्वतःशीच म्हणाली, "अगबाई, हरभऱ्याची डाळ वाढली की."

कुंपणापलीकडे शेजारीण भांडी घासत होती. एरवी तिला याचा अर्थ बरोबर कळला असता. पण महागाईची धास्ती घेतली की माणसाला भलतंच ऐकू येतं. तिला वाटलं, डाळीचा भाव वाढला. राखेचे हात पदराला पुसत ती वाण्याकडे धावली आणि वर्षभराची डाळ घेऊन आली.

तिच्या डोक्यावरचं पोतं पाहून सुतारीण धावली. सुतारणीला पाहून माळीण धावली, मग अख्खं गाव. दुकानापुढची झुंबड पाहून वाण्याने भाव चढवला. भाव चढला म्हणून माणसं आणखी घाबरली, आणि ती घाबरून आली म्हणून भाव आणखी चढला. दुपारपर्यंत खोटी बातमी खरी होऊन बसली.

कुंभारीण टोपली घेऊन आली, तेव्हा डाळ तिच्या ऐपतीबाहेर गेली होती. तिला रडूच आलं.

"शेटजी, पोरीला एक पोळी तरी खाऊ घालायची होती. अचानक एवढा भाव कशानं?"

"मला काय विचारता? सगळेच म्हणतायत, डाळ वाढली."

"सगळे म्हणजे कोण?"

माळणीने सुतारणीकडे बोट दाखवलं, सुतारणीने शेजारणीकडे. शेजारीण म्हणाली, "मला कशाला बघता? सकाळी वहिनी, तुम्हीच तर म्हणालात."

कुंभारीण डोळे पुसता पुसता हसायला लागली. "अगं, माझा डबा रिकामा झाला होता."

आधी शेजारीण ओशाळली. मग तीही हसली आणि तिच्यामागून सगळा बाजार हसला. शेजारीण घरी गेली, डाळीने भरलेली टोपली घेऊन आली आणि म्हणाली, "आधी पोरीचं पुरण शिजू दे." तिचं पाहून बाकीच्यांनीही ओंजळ ओंजळ डाळ आणली. घरोघरी पोत्यांमुळे पाय पसरायला जागा नव्हती, त्यामुळे द्यायला कुणी कुरकुरलं नाही.

डोहाळजेवणाला सगळं गाव पंगतीला बसलं. सून पोटभर जेवली. पुढे कितीतरी दिवस वाण्याकडे डाळीला कुणी फिरकलं नाही, आणि त्याला भाव मुकाट्याने पहिल्यापेक्षा खाली आणावा लागला.

तात्पर्य: घाबरून साठवलं की धान्य महाग होतं, आणि वाटून खाल्लं की तेच सगळ्यांना पुरतं.