अंजनपूरची झोप

शुभ्रा नदीच्या काठी अंजनपूर नावाचे नगर होते. तेथे मणिकेतु राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. बापाच्या मागे तो वैद्यकी करू लागला आणि त्याची बायको रोहिणिका त्याच्या हाताखाली मुळ्या निवडू, तेले कढवू लागली. बोलायला तो मऊ होता, ती तिखट होती. लोक म्हणत, या घरात औषधही मिळते आणि अनुपानही.

एका वर्षी नगरात आवई उठली की पैलतीरचा राजा चालून येणार. शत्रू कोणी पाहिला नव्हता. तरीही सेनापती उग्रतेजाने राजाला सांगितले, "महाराज, प्रजा गाफील राहिली तर नगर गेलेच म्हणून समजा. तिला जागती ठेवा." राजा मुळात भित्रा नव्हता, पण एकदा धास्ती मनात शिरली की शूरालाही ती पोखरते. त्याने हुकूम दिला आणि चौकातली मोठी भेरी रात्रीच्या प्रत्येक प्रहराला वाजू लागली. तिचा आवाज नदी ओलांडून जाई. भेरी थांबली की भेरीवादक मल्लक ओरडे, "जागे रहा! शत्रू येत आहे!"

पाऊस सरला, थंडी आली, शत्रू काही आला नाही. झोप मात्र नगर सोडून गेली. कुंभारांची मडकी चाकावरच वाकडी होऊ लागली. आया तान्ह्या मुलांवर खेकसू लागल्या आणि मग स्वतःच रडू लागल्या. तटावरचा एक पहारेकरी उभ्या उभ्या डुलकी लागून खंदकात पडला.

रोहिणिकेच्या अंगणात बायकांची रीघ लागली. तांबटाची बायको कपिला म्हणाली, "वैद्यबाई, पाठ टेकली की छातीत नुसती धडधड. डोळा लागतो न लागतो तोच ती मेली भेरी!"

सोमिल प्रत्येकीची नाडी पाही आणि साधे सांगे. संध्याकाळचे जेवण हलके ठेवा, उजेड असतानाच उरका. निजताना कोमट दुधात जायफळ उगाळून घ्या. सहाणेवर एकच वेढा, अधिक नको, कारण जास्त झाले की औषधाचे विष होते. डोक्याला ब्राह्मी आणि माक्याचे तेल जिरवा. तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासा, वाटी काळी पडेपर्यंत. श्वास सोडताना घाई करू नका. भरलेला हंडा खाली ठेवतो तसा तो सावकाश सोडा. "आणि काळजी एकटीने उशाशी घेऊ नका," तो म्हणे. "दिवस मावळण्याआधी कोणाशी तरी बोलून टाका. एवढे करूनही बरे वाटले नाही, तर लाजू नका, माझ्याकडे परत या."

काहींना गुण येई. दोन घटका का होईना, डोळा लागे. पण भेरी वाजली की सारे घर पुन्हा ताडकन उठून बसे.

एके दिवशी भर दुपारी उग्रतेज अंगणात आला. मागे दोन शिपायांनी अफूची गोणी आणली होती.

"वैद्या, याचा काढा कर," तो म्हणाला. "साऱ्या नगराला पुरेल एवढा. दिवसभर लोक तट बांधतील, संध्याकाळी काढा पितील आणि निमूट पडतील. कुरकूर नाही, रडणे नाही. महाराज तुला राजवैद्य करतील. वर एक गावही देतील."

"भेरी थांबणार का?" सोमिलाने विचारले.

"भेरी वाजणारच. भीती गेली तर तट कोण बांधेल?"

सोमिल हातातला खल खाली ठेवून उभा राहिला. "सेनापती, मी झोप देतो, गुंगी देत नाही. हा काढा प्यायलेला माणूस आठवडाभर शांत दिसेल. मग त्याला काढ्यावाचून ना उठता येईल, ना निजता येईल. तान्ह्यांच्या आयांना हे पाजू? माझ्या हातून होणार नाही."

"महाराजांचा हुकूम आहे!"

"मग महाराजांना सांगा, एका वैद्याने तो मानला नाही."

रोहिणिका दारात उभी होती. नवऱ्याने जरा सबुरीने घ्यावे असे तिला वाटले आणि त्याच क्षणी त्याने घेऊ नये असेही वाटले. शिपायांनी सोमिलाला धरून नेले. जाताना त्याने मागे वळून एवढेच म्हटले, "रोहिणिके, ब्राह्मीचे तेल चुलीवर आहे. करपेल."

संध्याकाळी दवंडी पिटली. राजवाड्याचा काढा तयार होईपर्यंत कोणी झोपेवर घरगुती औषध द्यायचे नाही, घ्यायचे नाही.

दुसऱ्या सकाळी रोहिणिका तेलाचे बुधले घेऊन उघड उघड नदीच्या घाटावर बसली. कपिला घाबरून म्हणाली, "अहो वैद्यबाई, दवंडी ऐकली नाही का?"

"ऐकली. आता माझ्या तळपायाला मी तूप लावायचे तर राजाला विचारून? ये, बस. केस सोड."

बायका आधी लांब उभ्या राहिल्या, मग एकेक करून जवळ आल्या. दुपारी शिपाई आले आणि त्यांनी बुधले दगडावर आपटून फोडले. हिरवे तेल पायऱ्यांवरून नदीत ओघळले. त्यात तिची साऱ्या वर्षाची मेहनत होती. रोहिणिकेच्या डोळ्यांत पाणी आले. पण ते तिने शिपायांना दिसू दिले नाही.

"तेल सांडलेत," ती म्हणाली. "हात शाबूत आहेत माझे." आणि ती कोरड्या बोटांनीच कपिलेचे डोके चोळू लागली.

तिसऱ्या प्रहरी ती कोठडीकडे गेली. पहारेकऱ्याच्या आईला सोमिलाने एकदा तापातून उठवले होते. म्हणून त्या पहारेकऱ्याने तोंड फिरवले आणि तिला गजांपाशी जाऊ दिले. नवऱ्याला पाहताच तिचा धीर सुटला.

"तुम्ही आत, आणि मी बाहेर एकेकीचे डोके चोळत बसले आहे. कुठवर पुरणार? सांजेला चोळावे, रात्री भेरीने उठवावे. मलाही झोप नाही. तुमची सगळी औषधे करून पाहिली मी."

सोमिल गजांजवळ आला. मग म्हणाला, "पायात काटा रुतलेला माणूस आला तर आपण आधी काय करतो?"

"काटा काढतो. लेप मागाहून."

"मी इतके दिवस लेपच लावत बसलो. काटा समोर वाजत होता."

रोहिणिकेने डोळे पुसले. "तुम्हाला बाहेर येता येत नाही. मला चालता येते," ती म्हणाली आणि घरी गेली.

दिवस मावळायला आला तेव्हा ती चौकात आली. तिच्या हातात काशाची वाटी आणि तुपाचा गडू होता. तिला पाहून कपिला मागे आली, कपिलेला पाहून कुंभारणी आल्या, आणि बघता बघता भेरीभोवती बायकांचे कडे झाले. मल्लक टिपऱ्या हातात घेऊन उभा होता. इतके महिने त्याच्याइतके जागरण कोणालाच घडले नव्हते. त्याचे डोळे खोल गेले होते.

"बाई, बाजूला व्हा," तो म्हणाला. "पहिल्या प्रहराची वेळ झाली. मी न वाजवली तर माझे हात तोडतील."

"शेवटचा कधी झोपलास, मल्लका?"

तो बोटांवर रात्री मोजू लागला आणि मध्येच चुकला.

"बस इथे. पाय पुढे कर."

"वैद्यबाई, माझे पाय... तुम्ही?"

"पायच आहेत ना? बस म्हणते ना!"

तो बसला. तिने त्याचे भेगाळलेले पाय मांडीवर घेतले, तूप लावले आणि वाटी फिरवू लागली. भोवतीच्या बायका एकमेकींशी हळू आवाजात बोलत राहिल्या: कोणाच्या गाईला कालवड झाली, कोणाची लेक माहेरी येणार. मल्लक आधी भेरीकडे पाहत होता, मग नुसता समोर पाहत होता. त्याच्या हातातल्या टिपऱ्या गळून पडल्या आणि तो भेरीला पाठ टेकून, लहान मुलासारखा तोंड उघडे टाकून झोपला.

पहाऱ्यावर दोन शिपाई होते. त्यांनी भाले उचलले. रोहिणिका उठली नाही. "मारायचे तर मला मारा," ती म्हणाली, "पण आवाज न करता. तो उठेल." शिपायांनी एकमेकांकडे पाहिले. त्यातल्या थोरल्याने भाला भिंतीला टेकवला आणि हलकेच विचारले, "तूप उरलेय का?"

त्या रात्री भेरी वाजली नाही. अंजनपूर झोपले. तान्ही झोपली, म्हातारी झोपली, तटावरचे पहारेकरी पाळीपाळीने झोपले.

राजा मणिकेतु उठला तेव्हा ऊन गवाक्षातून त्याच्या तोंडावर आले होते. त्याला आधी भूक लागल्याचे जाणवले. मग आठवले की भेरी ऐकूच आली नाही, आणि तो संतापला.

सभा भरली. उग्रतेजाने रोहिणिकेला आणि मल्लकाला पुढे ढकलले. "महाराज, हा राजद्रोह आहे!"

"हुकूम कोणी मोडला?" राजाने विचारले.

मल्लक बोलणार तोच रोहिणिका म्हणाली, "मी मोडला. हा बिचारा झोपला होता. झोपलेला माणूस हुकूम मोडत नाही."

तिच्या मागून कपिला म्हणाली, "मीही होते." मग कुंभारणी म्हणाल्या, आणि शेवटी तो थोरला शिपाईही पुढे आला. राजाने सोमिलाला आणवले.

"वैद्या, तुझ्या बायकोने काय केले ते कळले? शत्रू काल आला असता तर?"

"तर झोपलेले सैनिक उठून लढले असते, महाराज. जागून झिजलेल्यांच्या हातात तर भालाही ठरत नाही. तिने केले ते बरोबर केले. शिक्षा द्यायची तर मला द्या. पण काढा मी कालही करणार नव्हतो, उद्याही करणार नाही."

राजाने तोंड उघडले, तेवढ्यात द्वारपाल धावत आला. पैलतीरचा दूत नावेतून आला होता, एकटा आणि निःशस्त्र.

दूताने वंदन केले. त्याचेही डोळे लाल होते. "महाराज, आमच्या राजाने क्षेम विचारले आहे. आपली भेरी रोज रात्रभर ऐकून आम्हाला वाटले, आपण चालून येणार. आमच्याकडेही कोणी झोपलेले नाही. काल ती एकाएकी थांबली. आपल्याकडे काही अनिष्ट तर घडले नाही ना? की आता तरी बोलणे होईल?"

राजाने हाताने तोंड झाकले. तो हसतो आहे की रडतो आहे हे कोणाला कळेना. मग तो सिंहासनावरून उतरला आणि त्याने दूताला आपल्या शेजारी बसवले.

त्याच दिवशी सलोख्याचे बोलणे झाले. शत्रू डोळ्यांनी दिसल्याखेरीज भेरी वाजणार नाही असे ठरले. अफूची गोणी जाळण्यात आली. राजाने उग्रतेजाला हद्दपार करायचे म्हटले, तेव्हा सोमिल मध्ये पडला. "त्याला शिक्षा नको, महाराज. त्यानेही इतके दिवस डोळा मिटलेला नाही. त्याला घरी पाठवा." उग्रतेजाने त्याच्याकडे पाहिलेही नाही आणि तो पाय आपटत निघून गेला.

"तू तरी राजवैद्य हो," राजा म्हणाला.

"वैद्य राजवाड्यात बसला की चौकातला रोगी देवडीवर अडतो," सोमिल म्हणाला. "मला माझ्या अंगणात जाऊ द्या. तेलाचे बुधले नव्याने भरायचे आहेत."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वांनी, जेतवन विहारात एका भिक्खूला सांगितली. तो पूर्वी सैनिक होता. झोप येत नाही हे सांगण्याचीही त्याला लाज वाटत असे. कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्खू, तेव्हाचा राजा मणिकेतु म्हणजे तू. भेरीवादक मल्लक हा आजचा माझा शिष्य आनंद, रोहिणिका ती राहुलमाता, माझी पूर्वाश्रमीची पत्नी, आणि वैद्य सोमिल मीच होतो. भ्यालेल्याला गुंगी पाजून गप्प करू नये, त्याचे भय काढावे. हे करताना राजा आडवा आला तरी जो पाऊल मागे घेत नाही, आणि तरीही कोणाचा द्वेष करीत नाही, त्याच्या त्या निश्चयाच्या पूर्णत्वाला अधिष्ठान पारमिता म्हणतात."