गो म्हणजे येणे

तपासणीला येणाऱ्या साहेबांचा दराराच असा, की मास्तरांनाही घाम फुटे. साहेबांनी सुगंधाला उभं केलं. 'गो'ची रूपं तिनं घडाघडा म्हटली: गो, वेंट, गॉन.

"अर्थ?"

"येणे."

वर्ग खिदळला. साहेब कडाडले, "मराठीचाही आनंदच आहे!"

सुगंधा हलली नाही. "साहेब, सकाळी घरून निघताना काय म्हणालात?"

"येतो म्हणालो! निघताना जातो म्हणू नये, हे घरी शिकवलं नाही कुणी?"

"आईनंच शिकवलं. दवाखान्यात निघाली तेव्हा 'येते गं' म्हणाली. अजून आली नाही. मी 'जाणे' म्हटलं, तर तिची वाट कशी बघू?"

तपासणी तिथंच आटोपली. उंबऱ्यापाशी साहेब वळले, पण 'येतो' म्हणायला त्यांची जीभ काही रेटेना.